मोटर आधी आली

"मोटर तरी राहील, नाहीतर मी तरी," पानाकाकाची बायको म्हणाली. "कालही सांगितलं, आजही सांगतेय. उद्या बॅग भरून सांगेन."

"बॅग मोठी घे," लेक चहात बिस्किट बुडवत म्हणाली. "मागच्या वेळी इस्त्री मावली नाही म्हणून फाटकातून परत आली होतीस."

"तू मध्ये पचकू नकोस. मागच्या खोलीतलं पाणी रोज सकाळी तू पुसतेस का? मी पुसते. आणि पुसलं की परत येतं."

"सूनबाई," भिंतीपलीकडून आजीचा आवाज आला. आवाज बारीक होता, पण भिंत त्याहून बारीक होती. "सांग तुझ्या नवऱ्याला, मोटर हलवायची नाही. जोडायची. नीट जोडून ठेवायची. आला की आधी तीच मागेल तो."

लेकीचं बिस्किट तुटून चहात पडलं. कोणी हसलं नाही.

पानाकाकाने कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघत म्हणाला, "सांग तिला, जोडतोय म्हणावं."

"दोघंही मलाच सांगा! तिला तुमचं ऐकू येतं, तुम्हाला तिचं ऐकू येतं, तरी मधे मी. मी काय पोस्टाची पेटी आहे?"

पण तिने मान वळवून भिंतीकडे बघत सांगितलंच, "आई, जोडताहेत ते." सवय झाली होती. पंचवीसेक वर्षांची सवय.

या घरात आजी आणि तिचा मुलगा पानाकाका एकमेकांशी बोलत नसत. भांडत नसत, तोंड फिरवत नसत, एकाच टेबलावर जेवत. पण बोलत नसत. आजीला औषध हवं असलं तर ती सुनेला सांगे आणि सून दोन हातांवर बसलेल्या नवऱ्याला सांगे. लेकीला पहिलं पूर्ण वाक्य आलं तेसुद्धा 'आजी विचारते दिवा कोणी चालू ठेवला' असं होतं. पाहुण्यांना आधी गंमत वाटे, मग अवघडल्यासारखं होई आणि ते लवकर निघत. त्यामुळे या घरात पाहुणे कमीच.

पानाकाकाचं खरं नाव बिलावर तेवढं असे. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून पानाकाका. लग्नातही होता म्हणतात, फोटोत एका बाजूने कोट वर उचललेला दिसतो. तलावाच्या धक्क्याजवळ त्याचं दुकान होतं. होडीच्या मागे टांगायच्या मोटरी तो दुरुस्त करी. नवीन मोटरींची कंपनीची माणसं शहरातून येत, संगणक लावून बघत. जुन्या मोटरी मात्र पानाकाकाकडेच. माणूस मितभाषी, इतका की गिऱ्हाईक विचारी, "काका, होईल ना?" तर तो मोटरीकडेच बघे, जणू उत्तर तिने द्यायचं.

फक्त एका वेळी त्याचं तोंड उघडे. कोणतीही मोटर खोलताना तो हातात येणाऱ्या प्रत्येक भागाचं नाव मोठ्याने घेई. "बोल्ट. वायसर. झाकण. गॅस्केट." हे वडलांनी शिकवलेलं. डोळा विसरतो, कान विसरत नाही, असं ते म्हणत. बोलून काढायचं, जुन्या चादरीवर ओळीने मांडायचं, आणि जोडताना तीच नावं उलटी म्हणत बसवायचं. एखादं नाव राहिलं तर कानाला खटकतं, जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं. दुकानाशेजारचा जाळी विणणारा म्हणे, काका मोटर खोलतोय की शाळेत हजेरी घेतोय, कळत नाही.

ही मोटर वडलांचीच होती. तीही त्यांनी कोणाकडून तरी जुनी घेतलेली. दोन सिलिंडरची, माथ्यावर उघडं जड चाक, चाकाला खाच, खाचेत दोरी गुंडाळायची आणि ओढायची. न्यूट्रल नाही. मोटर लागली की होडी निघाली. धक्क्याला बांधलेली असो की नसो. वडलांमागून ती धाकट्या भावाकडे गेली. पानाकाकाच्या हातात हुन्नर होता, धाकट्याच्या अंगात वारं होतं, आणि आईचा जीव वाऱ्यात होता. कुठल्याही घरात असं असतंच.

धाकटा मोटर दामटायचा. तलावाच्या वरच्या टोकाला बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, तिथून तो मुद्दाम जाई. पंखा खोडाला लागला की पंख्यामागची पितळेची पिन मोडे. ती मोडण्यासाठीच असते. करंगळीच्या दोन पेरांएवढी, मऊ. पंखा अडला की ती आधी तुटते, पंखा मोकळा फिरतो, मोटर वाचते, होडी वाचते, माणूस वल्ही मारत घरी येतो. धाकटा वल्ही मारत यायचा आणि दुकानात येऊन हात पुढे करायचा: "दादा, पिन."

एके दिवशी पानाकाका वैतागला. दुकानात गिऱ्हाईक होतं, आई डबा घेऊन आली होती, आणि धाकटा दात काढत हात पुढे करून उभा. पानाकाका म्हणाला, "पिना काय झाडाला लागतात? एखादा खिळा घाल आणि जा मर कुठेतरी."

मर हा शब्द त्या घरात दिवसातून दहादा निघे. दूध उतू गेलं तरी कोणीतरी मरे. पण दुसऱ्या दिवशी धाकट्याची होडी तलावाच्या वरच्या टोकाला लव्हाळ्यात आडवी सापडली. मोटर टांगायची मागची फळी उखडलेली, जबड्यातून दात ओढून काढावा तशी. मोटर नाही. माणूस नाही. गळ टाकले, माणसं उतरली, मग तेही थांबलं. त्या दिवसापासून आई थोरल्याशी बोलली नाही. तिने शिव्याशाप दिले नाहीत, की 'तू म्हणाला होतास' असंही म्हटलं नाही. नुसतं बोलणं बंद. आणि पानाकाकाला वाटलं, बरोबरच आहे.

या वर्षी बांधाच्या दुरुस्तीसाठी तलाव पहिल्यांदाच रिकामा केला. गाळात भांडी निघाली, सायकली निघाल्या, एक शिलाई मशीन निघालं. आजी रोज सकाळी खुर्ची खिडकीशी ओढून बसायची. खिडकीतून धक्क्याचा रस्ता दिसे. आणि एका सकाळी जाळी विणणारा हातगाडी ढकलत आला. हातगाडीवर गाळाचा गोळा, गोळ्यातून एक पंखा बाहेर आलेला.

"काका, खोडात अडकली होती. तुमच्याकडेच द्यावी म्हटलं." आणि मग चाचरत, "आजूबाजूला बघितलं. आणखी काही नाही."

आजी खिडकीतून बघत होती. ती सुनेला म्हणाली, "मोटर आधी आली. तो मागून येतोय."

पानाकाकाने मोटर दुकानात नेली नाही. घराच्या मागच्या खोलीत, आजीच्या खोलीला लागून जी अडगळीची खोली होती, तिथे लाकडी घोड्यावर टांगली. बायकोला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. तिलाही कळत होतं त्याला काय बघायचंय. पंख्यामागे, पिनेच्या जागी, काय आहे. पितळ असेल तर त्याच्या बोलण्याने काही झालं नाही, नुसतं नशीब. खिळा असेल तर धाकट्याने दादाचं ऐकलं.

ते बघायला एक पाना आणि पाच मिनिटं पुरली असती. पानाकाकाने वरून सुरुवात केली. आधी टाकी. मग चाक. मग चाकाखालची कॉइल, पॉइंट, कार्बोरेटर. एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवायचा, ब्रशने घासायचा, पुसायचा, चादरीवर ठेवायचा. पंख्याच्या बाजूला तो फिरकायचाही नाही. "कुठे घोडं पेंड खातंय ते सगळ्यांना माहितीय," बायको लेकीला म्हणाली, "हा आपला घोड्याची शेपूट विंचरत बसलाय."

पण तिची तक्रार ती नव्हतीच. तिची तक्रार पाण्याची होती.

पहिल्या दिवशी मोटरीखाली पाणी साचलं, ते समजण्यासारखं होतं. इतकी वर्षं तळाशी होती, आत गाळ, गाळात पाणी. बायकोने परात ठेवली. परात भरली, तिने ओतली. परत भरली. पानाकाका म्हणाला, सिलिंडरभोवती पाण्याच्या वाटा असतात, त्यात अडकलं असेल. मग त्याने सिलिंडर सोडवला, वाटा तारेने साफ केल्या, फुंकून कोरड्या केल्या, सिलिंडर चादरीवर ठेवला. दुसऱ्या सकाळी चादर ओली. सगळी नाही, जिथे चाक ठेवलं होतं तेवढीच, गोल. लोखंडाचं भरीव चाक. त्यात पाण्याला जागाच नाही.

"घाम येतो लोखंडाला," पानाकाका म्हणाला.

"मग बाकीच्यांना का नाही येत? ते काय पंख्याखाली बसलेत?"

तिने बोट बुडवून वास घेतला. गाळाचा वास, लव्हाळ्याचा. आणि त्यात ताजं पेट्रोल. घरात पेट्रोलचा थेंब नव्हता.

लेक रक्त तपासणीच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या दंडात सुई घाल-काढ. तिचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. ती म्हणाली, "आई, तू पाणी पुसतेस त्याच फडक्याने रॉकेल पुसतेस, मग वास कशाचा येणार?" बायकोने फडकं बदललं. वास बदलला नाही.

मग ती दुपार आली. चौघंही टेबलावर जेवत होती. पानाकाका आजीसमोर, लेक दाराकडे पाठ करून, बायको वाढत. बाहेर ऊन, रस्त्यावर कोणी नाही. आणि मागच्या खोलीतून आवाज आला. फर्रर्र. खाचेतली दोरी ओढल्याचा. चाक फिरून थांबल्याचा.

बायकोच्या हातातला चमचा भांड्यातच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर होता, घास हातात. लेक समोर होती. सासू समोर होती.

फर्रर्र. या वेळी मागून एक ठसका, आजारी माणसाला येतो तसा. मोटर धरता धरता राहिली.

आजी ताटातच बघत होती. सुनेला म्हणाली, "त्याच्या हातात तिसऱ्या ओढीला लागायची."

सगळे थांबले. लेकसुद्धा. ती नंतर म्हणाली की मी थांबले नव्हते, चावत होते. पण ती थांबली होती. घड्याळ वाजत होतं, नळ गळत होता. तिसरी ओढ आली नाही.

पानाकाका उठला, हात न धुता मागे गेला. बायको त्याच्यामागे. खोलीत सगळं होतं तसं होतं. मोटरीचं अर्धं धड घोड्यावर, बाकी चादरीवर. चाक रॉकेलच्या परातीत आडवं. ज्या चाकाला दोरी गुंडाळायची ते परातीत, आणि दोरी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. बायकोने दोरीला हात लावला आणि मागे घेतला. दोरी ओली होती, पिळता येईल इतकी.

"शेजारच्यांचं पंपाचं मशीन असेल," पानाकाका म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "शेजारी आठवडाभर गावाला गेलेत, तरी त्यांचं मशीन फार कष्टाळू."

तेवढ्यात लेक दारात आली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "बाबा, खालचं उघडा ना एकदाचं. जे असेल ते असेल. तुम्ही वर वर घासत बसलात म्हणून हे सगळं..."

पानाकाकाने चादरीपाशी बैठक मारली. अंगात सदरा तसाच, हात खरकटे. "खरकटे हात तरी," बायको म्हणाली, आणि स्वतःच फडकं ओलं करून त्याचे हात पुसले, लहान मुलाचे पुसावे तसे. त्याने ते पुसू दिले. मग पाना घेतला.

"टोपी," तो म्हणाला. पंख्याच्या टोकावरची शंकूसारखी टोपी गंजली होती. लाकडी ठोकळा लावून हातोडीने दोनदा वाजवली आणि ती फिरली. चादरीवर. "कॉटर." वाकलेली तार पक्कडीने ओढली, ती तुकड्यातुकड्याने आली. "नट." रॉकेल सोडलं, थांबला, पाना लावला, अंग टाकलं. नट करकरला आणि आला. "वायसर."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आजी जेवणावरून उठून तिच्या खोलीत आली होती.

"पंखा," पानाकाका म्हणाला, आणि दोन्ही हातांनी पंखा ओढून काढला. पंख्याचं एक पातं मागे वळलेलं होतं. शाफ्टभोवती जुनं ग्रीस, काळं, मेणासारखं घट्ट. त्याने बोटाने ग्रीस काढलं. आत आडवी, शाफ्टच्या भोकातून आरपार गेलेली, पिन होती. मोडलेली नव्हती. वाकलेलीही नव्हती.

पानाकाकाने ती लाकडी खुंटीने मागून ढकलली. तळहातावर घेतली आणि फडक्याने पुसली. पितळ नव्हतं. खिळाही नव्हता. राखाडी पोलाद, गुळगुळीत, दोन्ही टोकांना कानशीने खाच करून मोडलेलं. आणि तिच्यावर दोऱ्याचे काही वेढे, भोकात घट्ट बसावी म्हणून घातलेले. दोरा लोकरीचा होता. ग्रीसने तो सांभाळला होता. नखाने खरवडल्यावर त्याचा रंगही दिसला, निळा.

बायकोने तो निळा ओळखला. या घरात लग्न होऊन आली तेव्हा त्या निळ्याचा स्वेटर अर्धा विणून पडला होता, आणि तो कधीच पुरा झाला नाही. सुयांच्या जोडीतली एक हरवली, सासूबाई म्हणाल्या होत्या.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तळहात बघत होता. त्याचे ओठ हलले, पण नाव बाहेर आलं नाही. चादरीवर टोपी, कॉटर, नट, वायसर, पंखा, आणि पुढे रिकामी जागा.

"थांबलास का?" भिंतीपलीकडून आजी म्हणाली. "सुई म्हण."

लेक आईच्या दंडाला बिलगली. तिने हा आवाज उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. शब्द सुनेकडे निघाले नव्हते. सरळ त्याच्याकडे आले होते.

"म्हण ना. माझी सुई आहे, माहितीय मला. म्हण."

"सुई," पानाकाका म्हणाला.

मग काठीचा आवाज, आणि आजी दारात आली. आधाराला चौकट धरली, आत पाऊल टाकलं नाही. जमिनीवरचं पाणी बघत बोलू लागली.

"तू नाही म्हणालास, म्हणून माझ्याकडे आला. म्हणाला, आई, तुझ्याकडे काही पक्कं आहे का, मोडणार नाही असं? दादाचं सगळं मोडतं म्हणाला. मी म्हटलं, माझी सुई बघ, वाकेल का? तू तुझ्या बापाच्या कानशीने घासून घेतलीस म्हणून... नाही, त्याने घेतली. त्याने." ती थांबली. दोघांची सरमिसळ झालेली तिलाही कळलं. "सैल बसतेय म्हणाला. मग मीच दोरा गुंडाळून दिला. घट्ट. गाठ नाही घातली, नुसते वेढे. आता निघणार नाही म्हटलं. खूश होऊन गेला."

"मी खिळा घाल म्हणालो होतो, आई," पानाकाका म्हणाला.

"तू म्हणालास. खिळा वाकला असता." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "माझी सुई नाही वाकली. पंखा अडला असेल, आणि सुई मोडली नाही, आणि फळी मोडली. मला फळी बघूनच कळलं. त्या दिवशीच."

"मग मला इतकी वर्षं..."

"काय बोलणार होते तुझ्याशी? बोलायला लागले असते तर तेच बोलले असते."

बायको नंतर सांगायची, की त्या क्षणी तिला सासूचा राग यायला हवा होता. पंचवीस वर्षं निरोप वाहून तिची जीभ झिजली होती आणि तिच्या नवऱ्याने दर सकाळी उठून स्वतःला दोषी मानलं होतं. पण राग आला नाही. म्हातारी पाण्याकडे ज्या नजरेने बघत होती त्यात प्रेम नव्हतं, वाट बघणं नव्हतं. भीती होती. खिडकीशी बसून ती रोज कशाची वाट बघत होती ते बायकोला तेव्हा कळलं. येणाऱ्याला आधी बघता यावं म्हणून ती बसत होती.

"जोडून टाक," आजी म्हणाली. "त्याची वस्तू त्याला देऊन टाकू. मग जाईल तो. पण त्यात सुई नको. सुई बघितली तर विचारेल."

पानाकाकाने पितळेची कांब आणून पिन कापली. कानशीने टोकं गोल केली. मग जोडायला लागला, उलटी नावं म्हणत. पिन, पंखा, वायसर, नट. नवीन गॅस्केट कापली, रिंगांची फट बघितली, पॉइंट घासून चकचकीत केले. तो बोलत होता आणि आजी तिच्या खोलीतून मधेच म्हणे, "हं." जोडणं काही दिवस चाललं. बायको पाणी पुसत राहिली. तिने आता बॅगेचं नाव काढलं नाही. एकदा मात्र लेकीला म्हणाली, "तुझ्या आजीने हुंकार दिला की माझं अर्धं काम गेलं. आता मला या घरात करायला काय उरलं?"

"लादी," लेक म्हणाली.

रविवारी दुपारी त्याने मोटर अंगणात नेली, पाण्याने भरलेल्या पिंपाच्या कडेला अडकवली, टाकीत तेल-पेट्रोल ओतलं. जुन्या मोटरी अशाच पिंपात चालवून बघतात. चाकाला दोरी गुंडाळली. ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. ठसका.

त्याने तिसऱ्यांदा दोरी गुंडाळली आणि थांबला. बायको पायरीवर होती, तिला वाटलं, आता नको. पण ती बोलेपर्यंत त्याने ओढली होती.

मोटर लागली. निळा धूर उठला, पिंपातलं पाणी उसळलं, कडेवरून सांडलं. अंगण थरथरायला लागलं. पण पाणी उलटं फिरत होतं. पंख्याने पाणी मागे ढकलायला हवं. हा पंखा ते स्वतःकडे ओढत होता. पानाकाकाला कारण माहीत होतं. असल्या जुन्या मोटरी ठिणगी जरा आधी पडली तर कधीकधी उलट्या लागतात, आणि तशाच सुखाने चालत राहतात. त्याने ते दोन-चारदा पाहिलंही होतं. पण ठिणगीची वेळ त्याने स्वतः लावली होती. ती आधी पडणार नव्हती.

"बंद कर!" आजी खिडकीत उभी राहून ओरडली. "बंद कर रे! ती नेत नाहीये, आणतेय!"

त्याने ठिणगीची वायर काढली. मोटर थांबली नाही. लगेच नाही. तिने आणखी काही फेरे घेतले, स्वतःच्या मनाने, मग धाप लागल्यासारखी मंदावली आणि उभी राहिली. पिंपातलं पाणी बराच वेळ फिरत होतं, मधे खड्डा पडलेला, आणि बायकोला त्या खड्ड्यात बघवेना.

आत आजीच्या खोलीतून रडणं ऐकू आलं. म्हातारं माणूस रडतं तसं नव्हे, हातून काहीतरी फुटलेल्या पोरीसारखं. पानाकाका तिकडे गेला. इतक्या वर्षांत त्याने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. बल्ब बदलायचा असला तरी लेक स्टुलावर चढायची. बायको आणि लेक दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

आजी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. "रोज येतो," ती सांगत होती. "मागून येतोय म्हटलं ते खोटं, मोटर यायच्या आधीपासून येतो. इथे, पायाशी बसतो. बोलत नाही. मी सूनबाईला कशी सांगू? अंग ओलं असतं त्याचं, थंडी वाजत असते. मला म्हणायचं असतं, अरे तो स्वेटर... आणि तोंड उघडत नाही. त्याला काय सांगू मी?"

पानाकाका तिच्या खाटेपाशी उभा होता. तो खाली बसला नाही, तिचा हात धरला नाही. तसलं त्याला कधी जमलं नाही. तो खोली बघत होता. खिडकी, खुर्ची, दोन भिंतींमधली मोकळी जागा. नवीन मोटर दुकानात कुठे टांगायची हे बघताना बघायचा तशी. पायाशी लादीवर ओलं होतं. खिडकी बंद होती.

"आई, अहो, छत गळत असेल," बायको दारातून म्हणाली. तिच्याही कानाला ते पटलं नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला पानाकाका स्वयंपाकघरात आला. हातांना अजून ग्रीस होतं. बायको कणीक मळत होती, लेक फोनमध्ये होती.

"बाबा, मोटरीचं काय करायचं ठरलं?" लेकीने विचारलं. "मामांच्या गॅरेजमध्ये जागा आहे. नाहीतर जाळीवाल्याला देऊन टाका."

"ती राहू दे पिंपावर."

"मग आईंना आपल्या खोलीत आणू," बायको म्हणाली. "मी कधीपासून म्हणतेय. आपण दोघं बाहेर झोपू. ती खोली बंदच करून टाकू, कुलूप घालून."

"खोली बंद करून काय होणार? तो तिला शोधत दुसरीकडे येईल."

बायकोचे हात परातीत थांबले. लग्नापासून हा माणूस तिला लोखंडाला घाम येतो असं सांगत आला होता. त्याने 'तो' म्हटलेलं तिने पहिल्यांदा ऐकलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही काय करणार आहात?"

पानाकाकाने नळ सोडला, साबण घेतला, कोपरापर्यंत हात घासले. पाठमोराच बोलला, उद्या दुकान उशिरा उघडणार असं सांगावं त्या आवाजात.

"माझी गादी आईच्या खोलीत टाका. पायाशी. आजपासून मी तिथे झोपणार."